पानावरचं पाखरू

चांद्याच्या महाकालीची जत्रा चैत्रात भरते. झरपट नदीच्या काठानं नांदेडाकडच्या, तेलंगणातल्या यात्रेकरूंच्या राहुट्या पडत, पोतराज नाचत, हलग्या वाजत, आणि त्या सगळ्या गलबल्यात एका चिंचेखाली मनसाराम फोटोवाल्याचा तंबू लागायचा. तंबूत मागे रंगवलेला पडदा टांगलेला. त्यावर निळं तळं, तळ्यात दोन पांढरे हंस, काठाला संगमरवरी पायऱ्या. देवीचं दर्शन करून आलेली माणसं कपाळाचा मळवट तसाच ठेवून त्या पायऱ्यांपुढं ताठ उभी राहत आणि मनसाराम काळ्या कपड्यात डोकं घालून त्यांना हलू नका म्हणून सांगत असे.

कुंता, म्हणजे त्याची बायको, पडद्यामागं असायची. तिथं घोंगड्या लावून केलेली अंधारी खोली होती. लाल काचेच्या कंदिलाशी बसून ती फोटोच्या काचेच्या प्लेटा धुवायची, कागद बादलीतून काढून दोरीवर टांगायची. औषधानं तिच्या बोटांची नखं तपकिरी झाली होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. आता मनसारामपेक्षा तिचाच हात चांगला बसला होता, असं तोच गिऱ्हाइकांना सांगे. घरात मूलबाळ नव्हतं. दोघं नवराबायको नि तो तीन पायांचा लाकडी कॅमेरा, एवढाच संसार.

कुंता पिंपळबोडीची. वैनगंगेच्या पलीकडं, गडचिरोलीहून पुढं जंगलात शिरलं की हे धिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं गाव लागतं. गावापेक्षा तलाव मोठा. तिची आई धाकट्या भावाच्या, कोलूच्या बाळंतपणात गेली, तेव्हा कुंता रांगायच्या वयातून नुकती बाहेर पडली होती. कोलूला आत्यानं नेलं. कुंताला मात्र तिच्या बापानं, लटारूनं, कोणाला दिलं नाही. जाळं टाकायला जाताना तो तिला मासोळीच्या टोपल्यात बसवून डोंग्यात ठेवायचा. लाकूड कोरून केलेला तो अरुंद डोंगा हाच तिचा पाळणा झाला. बोलायला लागण्याआधी ती पाखरं ओळखायला लागली, असं गावातल्या बाया म्हणत. पाणकावळा बुडाला की ती बोट दाखवी आणि तो वर कुठं निघेल तिकडं ते बोट आधीच वळलेलं असे.

त्या तलावावर एक पाखरू होतं. शहाणी माणसं त्याला कमळपक्षी म्हणतात. लटारू त्याला ‘पानावरचं’ म्हणे. पायांची बोटं इतकी लांब की ते कमळाच्या पानावरून बिनधास्त चालत जाई आणि पान बुडत नसे. हिवाळ्यात ते दिसायला साधंच, मातकट नि पांढरं. पण चैत लागला की त्याचं रूप पालटायचं. अंग काळपट तांबडं व्हायचं, मानेवर सोन्याची पट्टी यायची आणि मागं लांब, काळी, विळ्यासारखी वाकलेली शेपूट फुटायची. सकाळच्या उन्हात ते पंख उघडून उडालं की पांढऱ्या पंखांखाली ती शेपूट हलताना दिसे, आणि डोंग्यातली पोर श्वास धरून बसे.

पावसाळ्यात त्याची घरटी तरंगत्या पानांवर. लटारू सांगायचा, “मादी अंडे देऊन चालली जाते. बापच बसते त्यायवर. पिल्लं निंगाले का पंखात दाबून फिरते.” हे सांगताना तो कुंताकडं बघत नसे, पाण्याकडं बघत असे.

मग लग्न झालं. मनसाराम नात्यातलाच. नागपुरात एका फोटोवाल्याकडं हरकाम्या म्हणून लागला, धंदा शिकला आणि चांद्यात जटपुऱ्याच्या वाटेवर स्वतःचं दुकान टाकून बसला. स्थळ चांगलं होतं. कुंता तिथं सुखानं नांदली. फक्त एक गोष्ट झाली, जी लग्नाच्या वेळी कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

माहेरी जायचं ते दिवाळीला, भाऊबीजेला. तेव्हा पाखरू बिनशेपटीचं. पावसाळ्यात वैनगंगा दुथडी भरायची, नाले भरायचे, महिना-महिना वाट बंद. उरला चैत्र. चैत्रात महाकालीची जत्रा, आणि जत्रा उठली की लग्नसराई. मनसारामच्या धंद्याचे तेच दिवस. असं करता करता वर्षं गेली, आणि कुंतानं लग्न झाल्यापासून ते पाखरू शेपटीसकट पाहिलेलं नव्हतं. ही काही कोणाला सांगायची गोष्ट नव्हती. माहेर आठवतं म्हटलं तर बाया मान हलवतात. पाखराची शेपूट आठवते म्हटलं तर हसतील.

एका माणसाला ते ठाऊक होतं. दर चैत्रात लटारू जत्रेला यायचा. खांद्यावरच्या गाठोड्यात लेकीसाठी सुकवलेली मासोळी. देवीच्या आधी तो लेकीच्या तंबूत यायचा, घोंगडी बाजूला सारून अंधारात उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, “शेपूट आली, माय.”

“लांब हाये?”

“यंदा लयच लांब.”

दरवर्षी यंदाचीच लयच लांब असे. मग तो बाकीच्या बातम्या सांगे. बदकं कोणत्या दिवशी उठून गेली, सारसाची जोडी आली का. कुंताचे हात बादलीत चालूच असत. बाप गेला की तिला उगाचच वाटे, पडद्यावरच्या त्या दोन हंसांना रंगाऱ्यानं पाय का काढले नाहीत.

चोपन्न सालच्या जत्रेत लटारू आला नाही.

तिनं वाट पाहिली. पालख्या आल्या, गेल्या. एका सकाळी घोंगडी हलली आणि तिनं वर पाहिलं तर तिच्या गावचा पत्रू उभा.

“बाबा कुठी हाये, पत्रूभाऊ?”

“त्याचे पाय चालून नाई राह्यले. शिमग्यापासून खाटेवरच हाये. तशी तब्बेत बरी हाये, जेवते-बिवते.” पत्रूनं टोपी काढून हातात घेतली. “मले म्हणला, कुंताले सांगजो, शेपूट आली.”

कुंताच्या हातातली प्लेट औषधात जास्त वेळ राहिली आणि काळी पडली. आंध्रातल्या कुण्या कुटुंबाचा फोटो होता. त्यांना पुन्हा बोलावून उभं करावं लागलं. दुपारी भाकर खाताना ती मनसारामला म्हणाली, “मी जाऊन येतो पिंपळबोडीले.”

“जत्रा उठू दे.”

“जत्रा उठली का लगनं हायेत.”

“मंग हे धुणं कोन करन?”

“तुमी.”

“नि फोटो कोन काढन?”

तिनं खरकटं उचललं. मनसाराम वाईट माणूस नव्हता. पण त्याला डोंगा, तलाव, मासोळी यांतून एकदा बाहेर पडायचं होतं, तो पडला होता, आणि मागं वळून बघायला तो भीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रू निघाला तेव्हा कुंता गाठोडं बांधून त्याच्यासोबत उभी होती. मनसाराम तंबूतून आला. त्याच्या हातात घडीचा छोटा कॅमेरा होता, लग्नात मांडवात फिरून फोटो काढायला घेतलेला.

“हा घेऊन जा,” तो म्हणाला. “नवा रोल घालून ठेवलो हावो. तुहा बाप शेपूट-शेपूट करते, मले बी दिसू दे एखांद्या वेळी.”

मोटार नदीच्या अल्याड थांबली. चैत्रातली वैनगंगा म्हणजे वाळूच वाळू, मधे पाण्याची धार. वाळूतून चालत, नावेनं धार ओलांडून, पलीकडं दुसरी मोटार. गडचिरोलीला उतरल्यावर मात्र पायवाट. पत्रू पुढं कुऱ्हाड घेऊन, कारण मोहाचे दिवस, अस्वलं पहाटेपासून झाडाखाली असतात. कुंता मागं.

जंगल पानगळीनं उघडं झालं होतं आणि मधे मधे पळस पेटल्यासारखे. मोहाची फुलं पडून वाटेवर गोड, आंबूस वास सुटलेला. कुठंतरी तांबट पक्षी टुकटुक करत होता, एक थांबला की दुसरा. पळसाच्या शेंड्यावर काळे कोतवाल पक्षी भांडत होते, मैना फुलात चोच घालून तोंड पिवळं करून घेत होत्या. एका वाळक्या खोडावर नीलपंख बसला होता, अगदी हाताच्या अंतरावर वाटावा असा. कुंतानं कॅमेरा उघडला, डोळ्याला लावला. त्या बारक्या खिडकीतून पाखरू एकदम दूर गेलं. जंगल मोठं झालं आणि नीलपंख ज्वारीच्या दाण्याएवढा. तिनं कॅमेरा खाली केला. तो पुन्हा जवळ आला.

“काढ ना,” पत्रू म्हणाला.

“नाई. रोल त्याच्यासाठी हाये.”

अर्ध्या वाटेत पावशा ओरडायला लागला आणि ती उभीच राहिली. चांद्यातही पावशा ओरडे, पण तिथं तो गावाबाहेरून कुठून तरी ऐकू येई. इथं तो डोक्यावर होता. इतक्या वर्षांनी चैत्रातलं हे जंगल तिच्या अंगावर आलं. तिला वाटलं, आपण माहेरी आलो की माहेर सोडून गेलेली ती पोर परत आली, काही कळत नाही.

लटारू अंगणात खाटेवर होता. मूळचा उंचापुरा माणूस, आता खाटेत खोल गेलेला. आत्याकडून केव्हाच परत आलेला कोलू आणि त्याची बायको गोकुळा त्याचं सगळं करत होते. लेकीला पाहून तो उठू लागला, जमलं नाही, मग हसला.

“जत्रा सोडून आली?”

“हो.”

“जावईबुवा?”

“त्यायनच कॅमेरा देल्ला.”

त्यानं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला, कातडी भाता बोटानं दाबला आणि परत दिला. “उद्या जाऊ,” तो म्हणाला.

गोकुळा म्हणाली, “मामाजी, तुमी कुठी जाऊन राह्यले?” पण उजाडायच्या बेतात कोलूनं बापाला पाठीवर घेतलं, घाटापर्यंत नेलं आणि डोंग्यात गवत टाकून त्यावर बसवलं. कुंतानं बांबू हातात घेतला. तिचे हात तो विसरले नव्हते.

तलावावर धूर यावा तसं धुकं होतं. पाणी उतरलं होतं, कमळांची पानं दाट पसरली होती. लटारू पुढं बसला होता, तोंड पाण्याकडं. तो हातानंच सांगत होता, डावीकडे, हळू, थांब. आणि मग धुकं विरळ होता होता ते दिसलं. एका पानावरून दुसऱ्या पानावर पाय उचलून टाकत चाललं होतं. मानेवरची सोन्याची पट्टी, काळं अंग, आणि मागं ती शेपूट, पाण्याला टेकेल न टेकेल अशी.

कुंतानं कॅमेरा काढला. तिचं बोट दाबायला गेलं तसा लटारू न वळता हळूच म्हणाला, “आंधी पाह्य. मंग काढ.”

म्हणून तिनं आधी पाहिलं. किती वेळ, ते तिला सांगता आलं नसतं. ऊन पाण्यावर उतरलं, पाखरू उडालं, दुसरं आलं, दोन्ही भांडली, पुन्हा चालायला लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती, कारण हात हलला तर पाखरू उडेल. मग तिनं फोटो काढले. जमेल तेवढं जवळ जाऊन, रोल संपेपर्यंत.

परत येताना लटारू म्हणाला, “डोंग्यातून नाई साधत. आपून आलो का ते सरकते. तिथी कॅमेऱ्यासाठी बांबू रोवून ठेव. जाळ्याच्या खुट्यायले ते भेत नाईत. चार दिवस गेले का तुहा बांबू बी त्यायचाच होते.”

“मले चार दिवस कुठी हायेत, बाबा?”

पुढं वाकून त्यानं ओंजळभर पाणी घेतलं आणि तोंडावरून फिरवलं.

चांद्यात आल्यावर तिनं रोल स्वतः धुतला. लाल उजेडात पानं उमटली, पाणी उमटलं, पलीकडचा झाडांचा काठ उमटला. एका फोटोत लटारूची पाठमोरी मान. पाखरू मात्र नुसता ठिपका. मनसारामनं भिंग लावून पाहिलं.

“हा?”

“हो.”

“कचरा तं नाई ना पाण्यावरचा?”

“कचऱ्याले शेपूट नसते.”

त्यानं पुन्हा पाहिलं आणि हसला नाही. “मोठा केला तं फुटन,” तो म्हणाला. “पेन्सिल फिरवून देऊ का? पंख, मान, सारं काढून देतो. कोनाले समजन नाई.” नवऱ्यामुलांच्या चेहऱ्यावरचे देवीचे व्रण तो असेच पेन्सिलीनं घालवत असे आणि त्यात त्याचा हातखंडा होता.

“नोका,” ती म्हणाली. “मले समजन.”

लटारू त्याच श्रावणात गेला. नाले भरलेले, वाट बंद. पोळा झाल्यावर पत्रू सांगायला आला तेव्हा सगळे विधी होऊन गेले होते. कुंता दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मनसारामनं त्या दिवशी आलेली गिऱ्हाइकं बाहेरूनच परत पाठवली.

पुढच्या चैत्रात ती गेली नाही. जत्रा आली, तंबू लागला, तिनं प्लेटा धुतल्या. कोणी घोंगडी सारून आत आलं की तिची मान वर जायची आणि मग तिला आठवायचं. मनसाराम ते बघत होता. बोलण्यात तो कमी होता. पण त्या पावसाळ्यात, धंदा मंदा असताना, तो लाकडी कॅमेऱ्याशी काहीतरी करत बसला. त्या कॅमेऱ्याला रबरी नळी होती, टोकाला रबराचा गोळा. गोळा दाबला की फोटो निघतो. सायकलच्या दुकानातून, दवाखान्यातून, कुठून कुठून रबरी नळ्या आणून त्यानं त्या एकीला एक जोडल्या. हवा गळायची, पुन्हा जोडायचा. शेवटी दुकानाच्या ओट्यावर कॅमेरा ठेवून तो रस्ता ओलांडून पलीकडच्या पिंपळाखाली जाऊन बसला आणि गोळा दाबला. ओट्यावर खट् झालं. रस्त्यानं जाणारा टांगेवाला बिचकला.

“आता तुहा बाप म्हणला तसा बांबू रोवून ठेव म्हना कोलूले,” मनसाराम कुंताला म्हणाला. “जत्रा मी पाह्यतो. प्लेटा धुवाले गोकुळाच्या भावाले बोलावतो.”

छप्पन्नच्या चैत्रात ती गेली ती आठवडा काढायलाच. कोलूनं पानांच्या पट्ट्याजवळ, गुडघाभर पाण्यात खुंट रोवून ठेवले होते. त्यावर तिनं आधी रिकामी पेटी बांधली, कमळाच्या पानांनी झाकली. मग एका पहाटे पेटी काढून कॅमेरा बसवला, समोरचं एक पान नेमकं धरून भिंग जुळवलं, नळी पाण्याखालून नेली आणि गवतात डोंगा घालून बसली. पहिल्या दिवशी पाखरं आलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी आली, पण त्या पानावर नाही. उन्हानं डोकं दुखायचं, पाय आखडायचे. ती मनातल्या मनात बापाशी बोलायची, इकडच्या तिकडच्या गोष्टी, मनसारामच्या खोकल्याच्या, शेजारणीच्या सुनेच्या. तो उत्तर देत नसे. तसा जिवंतपणीही डोंग्यात तो कुठं बोलायचा.

चौथ्या सकाळी एक पाखरू चालत चालत त्या पानावर आलं, थबकलं, मान वळवून शेपटीवरचं पीस चोचीनं साफ करू लागलं. कुंतानं पाहिलं. पाहून झाल्यावर गोळा दाबला.

फोटो असा निघाला की मनसाराम तो हातात घेऊन दुकानाबाहेर उजेडात गेला आणि बराच वेळ आत आला नाही. पिसांचा पोत, पानावरचे पाण्याचे थेंब, लांब बोटं, सगळं होतं. त्यानं तो मोठा करून काचेच्या चौकटीत दर्शनी भिंतीवर लावला. लोक विचारायचे, विलायतेतलं पाखरू आहे का. मनसाराम छाती काढून सांगायचा, घरचं आहे.

कुंताला वाटलं होतं, हा फोटो एकदा हाताला लागला की आतली ओढ शमेल. तसं झालं नाही. फोटोत धुकं नव्हतं, कमळाच्या देठांचा वास नव्हता, पुढं बसून हातानं खुणा करणारं कोणी नव्हतं. उलट रोज समोर दिसायला लागल्यावर ती ओढ वाढलीच. पण तिला त्याचं वाईट वाटेना. ती ओढ तिची जुनी सोबतीण झाली होती. त्यानंतर दर चैत्रात ती जायची, कॅमेरा असो नसो, आणि मनसारामनं कधी का म्हणून विचारलं नाही.

लग्नसराई सरता सरता एकदा सिरोंच्याकडचं नवं जोडपं फोटो काढायला आलं. नवरा जंगलखात्यात नोकरीला, चांद्यात बदली झालेला, मराठी बोलणारा. नवरी सोळा-सतराची, तेलुगूशिवाय काही न कळणारी. हळदीचा रंग अजून तिच्या हातांवर होता. मनसाराम खुर्ची नीट करत होता तेवढ्यात ती भिंतीवरच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली. हलेचना.

“मा चेरुवु,” ती म्हणाली.

“आमचा तलाव म्हणते,” नवरा जरा ओशाळून म्हणाला. “तिच्या गावात तलाव आहे. सगळेच तलाव तिला तिचेच वाटतात.” मग तिला तेलुगूत म्हणाला, “चल गं, त्यांचा खोळंबा होतो.”

नवरीनं बोटानं पाखराची शेपूट दाखवली आणि कुंताकडं बघून भराभरा काहीतरी सांगितलं. त्यातला एकही शब्द कुंताला कळला नाही. तिनं मान डोलावली. मग नवरीनं हातानं दाखवलं, तिकडं, लांब, आणखी लांब. कुंतानं पुन्हा मान डोलावली.

नवरदेव घड्याळ बघत होता. कुंतानं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, बसायला स्टूल दिलं आणि म्हणाली, “बसा भाऊ, घाई नाई.” मग ती नवरीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.